केसाएवढी स्प्रिंग

डोंबिवलीच्या आमच्या गल्लीतला शिंपी मशीनला तेल घालायला बसला, की तो वास मला थेट आमच्या जुन्या खोलीत नेऊन सोडतो. आईच्या शिवणयंत्राचा वास! अजून हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नवा नवा फिटर म्हणून लागलेलो. हातात पाना आला की माणसाला वाटतं, जगातलं प्रत्येक यंत्र आपलीच वाट बघत बसलंय. एका रविवारी सकाळी मी आईचं मशीन उघडून साफ केलं. जोडताना केसाएवढी एक वाकडी स्प्रिंग हातात उरली. बिनकामाची असणार, असा निकाल देऊन मी ती केरात टाकली. केर लगेच गेलासुद्धा.

दुपारी आई शेजारच्या मुलीचा ब्लाउज शिवायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीचा साखरपुडा; कापड साडीतलंच, बिघडलं तर दुसरं नाही. नशीब, आईने आधी चिंधीवर टीप मारून पाहिली. कसले टाके पडत होते! सुई खाली येताना दोरा ढिला पडायचा आणि सुई त्यालाच टोचायची. तेवढा क्षणभर तो ताणून धरायचा, एवढंच त्या स्प्रिंगचं काम होतं. नवी मिळायची ठाण्याला, आणि दुकान रविवारी बंद.

मी कबूल केलं. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार.

"अरे शहाण्या, निदान विचारायचंस तरी!" आई म्हणाली. "बस इथे. चाक फिरव. हळू."

मी हाताने चाक फिरवायचो आणि ती दोऱ्यावर बोट ठेवून तो अलगद ताणून धरायची. दर टाक्याला! इतक्या संथ कामात गप्प कोण बसणार? ती साहेबाबद्दल, डब्याबद्दल, माझ्या लग्नाबद्दल विचारत राहिली, आणि मी, एरवी घरात पाय न टिकणारा, सगळं सांगत राहिलो. किती मजेत गेली ती दुपार! दिवेलागणीला शेवटचा टाका पडला. ब्लाउज त्या मुलीला अगदी चापूनचोपून बसला.

सोमवारी मी ठाण्याहून नवी स्प्रिंग आणून बसवली. आईने सरळ टीप मारून पाहिली, मान डोलावली.

"झालं बाबा, झकास. पण आता तू कशाला बसशील इथे?"

मी हसलो आणि चपला घालून बाहेर पडलो. आज आई नाही. मशीन माझ्याकडे आहे, कुरकुर न करता चालतं. बसायला मला आता वेळच वेळ आहे.