पास्कलची अकरा खिडक्यांची फ्रेम

पास्कल आमच्या दाराची बेल कधी वाजवत नसे. तो दाराला मारत असे. दोन बुक्के, एक लाथ, आणि मी उशीर केलाच तर बाहेरून आवाज, "जोशा, एक देऊ का?" हे त्याचं प्रेम. लिफ्टचं बटण, पाण्याचा कूलर, माझी पाठ, सगळ्यांना ते मिळालेलं होतं. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या आमच्या इमारतीखाली पार्किंगवरून त्याने एका सहाफुटी माणसाला बॉनेटवर आडवा केला, आणि पाऊण तासाने त्याच बॉनेटवर बसून दोघांनी शॉवर्मा खाल्ला. मी साक्षीदार आहे. तिसरा शॉवर्मा माझा होता.

हा वसईचा ख्रिस्ती गडी अल क्वोजच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. २००८ची मंदी आली, निम्मी माणसं मायदेशी परतली आणि पास्कल अर्ध्या पगारावर आला. नोकरी खलास व्हायच्या आत म्हाताऱ्या बापाला एकदा दुबई दाखवायची, असं त्याने ठरवलं. आणि बाप यायच्या आत भिंतीवर एक फ्रेम लावायची.

फ्रेममध्ये लावायची होती बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी कार्डं. बाप मालवाहू जहाजावर कुक होता, कुठल्याशा अमेरिकन बंदरातून त्याने ती आणलेली. पिवळे पडलेले कोपरे, गालात काहीतरी कोंबून उभे असलेले गोरे. हा खेळ बापलेकांपैकी कोणीच पाहिला नव्हता. पण खेळाडू म्हणजे टीम आणि टीम म्हणजे अकरा, हे वसईत कोणाला शिकवावं लागत नाही. आठ वर्षांच्या पास्कलने एकदा कार्डं खेळायला काढली. संध्याकाळी बापाने मोजली, तर नऊच. उरलेली दोन कुठे टाकलीस, म्हणत बापाने त्याला पट्ट्याने सोलून काढलं. हात मध्ये घातला म्हणून करंगळी मोडली, ती वाकडीच राहिली.

"पप्पाची चूक नाय रे," पास्कल सांगायचा. "मीच हरवली असणार."

आई वारल्यावर तिच्या ट्रंकेत ती नऊ कार्डं त्याला मिळाली. करामा बाजारातल्या फ्रेमवाल्याने चारशे दिरहॅम सांगितले. "म्हणजे पाच हजार रुपये," पास्कलने काउंटरवर मूठ आपटली. "कागदाला सूट शिवतोस काय, हबीबी?" काउंटरची काच तडकली आणि आम्ही दोघं, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, गल्लीबोळांतून पळालो.

मग बंद पडलेल्या एका बिल्डरच्या ऑफिसबाहेर, कचऱ्यात, कधीच न बांधलेल्या टॉवरचं मोठं चित्र सापडलं. पास्कलने एका लाथेत टॉवर पाडला आणि फ्रेम उचलली. शर्टांच्या खोक्यांतले पुठ्ठे कापून त्यात खिडक्या केल्या. मी गोंद सुचवला, तर हात तोडीन म्हणाला. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये असतात तसे कागदी कोपरे घडवून त्याने एकेक कार्ड त्यात सरकवलं. दारं फोडणारी ती बोटं नखाएवढे कोपरे दुमडत होती. खिडक्या मात्र अकरा. दोन रिकाम्या.

"पप्पाला कळू दे, मी विसरलो नाय. मग म्हणेल, जाऊ दे." एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

काच कापायला वर्कशॉपमधला फिलिपिनो कारागीर होता. शाळेत तो बेसबॉल खेळलेला. रिकाम्या खिडक्यांची गोष्ट ऐकून तो हसला. "मिसिंग नो, सर. बेसबॉल ओन्ली नाइन."

पास्कलने त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग हातोडा उचलून कापलेली काच फोडली, शेजारची फोडली, तिच्या मागची फोडली. कारागीर कपाटामागे लपला आणि मी कारागिरामागे. शेवटी धापा टाकत पास्कल एवढंच म्हणाला, "येऊ दे म्हाताऱ्याला."

नवी काच बसली. खिडक्या त्याने बदलल्या नाहीत. बाप आला त्या दिवशी त्याने मला बोलावलं, धरायला. कोणाला धरायचं, मी विचारलं. "मला," तो म्हणाला.

बाप म्हणजे स्वेटरमधला मूठभर माणूस. फ्रेमसमोर उभा राहिला आणि रिकाम्या खिडक्यांवर त्याची नजर थांबली.

"पप्पा, टीम नवाचीच असते."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच फेरीत कळलं. बंदरात पोरं खेळत होती."

"मग सांगितलं का नाय?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "तोवर तुझं बोट वाकडं बसलं होतं."

पास्कलची मूठ सुटली. बापाच्या कानाजवळून ती फ्रेममध्ये घुसली आणि काचेचा पाऊस पडला. मी मागून त्याला मिठी मारली. म्हणजे लोंबकळलो. दुसरी मूठ वर गेली, तिच्याबरोबर मीही.

म्हातारा मागे सरकला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि काचांतून एकेक कार्ड वेचू लागला, फुंकर मारून, स्वेटरला पुसून. तळहातातून रक्त येत होतं. सगळी वेचून झाल्यावर त्याने ती दोन्ही हातांनी पास्कलसमोर धरली.

"सगळी आहेत, पास्कल. तू काही हरवलं नव्हतंस."

माझ्या मिठीतलं ते धूड हळूहळू सैल पडलं. "जोशा, सोड," तो म्हणाला. मी सोडलं. तो बापासमोर फरशीवर बसला, त्याचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यातल्या काचा काढू लागला.