कूलरला करंट येतो

सिनेमातल्या त्या नवऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. बायको जीव तोडून सांगते, घरात कुणीतरी शिरतंय, माझ्या जिवावर उठलंय. आणि हा गृहस्थ तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणतो, तुला आरामाची गरज आहे. मग डॉक्टर येतो, इंजेक्शन टोचतो, की बाई गप्प. आग लागो त्या डॉक्टरकीला!

असा सिनेमा लागला की आमचे हे टीव्हीवर ओरडतात, "अबे, खरं सांगून राहिली ना ती! ऐक ना तिचं!" आणि मागच्या उन्हाळ्यात ह्याच माणसाला मी घसा फोडून सांगत होते, की आपला लोखंडी कूलर करंट मारतो.

"भास होते तुले," हे म्हणायचे. "झोप नाही होत ना तुही, म्हणून." कोराडीला वीज केंद्रात यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे विजेतलं सगळं यांनाच कळतं. दर वेळी कूलरला हात लावून दाखवायचे, पण पायात रबरी चप्पल. टाच दुखते म्हणून ती घरातही सुटत नाही. मी मात्र आंघोळ, देवपूजा आटोपून अनवाणीच कूलरमध्ये पाणी भरणार, खाली फरशी ओली. सणक बसायची ती मलाच. चपलेचं बोलून पाहिलं, तर म्हणाले, "आता तू मले वीज शिकवशील?" वर माझ्यासमोरच पुण्याला मुलीला फोन, "तुह्या आईचं वय झालं आता."

मुलगी येणार होती, रांगत्या नातीला घेऊन. त्या पोरीचा हात कूलरला लागला तर?

त्या आल्या. दुपारी कूलर भरून मी बाजूला झाले, तोच नात सरळ तिकडे रांगत निघाली. मी ओरडून तिला उचललं. पोर रडायला लागली.

"आई, किती घाबरवतेस गं तिला!" मुलगी चिडली.

हे हसत उठले. सोफ्यावर आडवं होताना काढलेल्या यांच्या दोन्ही चपला नातीनं केव्हाच सोफ्याखाली सारल्या होत्या. "हे पाह्य, आहे का काही?"

"अहो, पायात चप्पल नाही!" मी किंचाळले. तोवर यांनी अख्खा तळहात टेकवला होता.

असे फेकले गेले की थेट भिंतीवर आदळले. मुलीनं धावत बटण बंद केलं. खांदा सुजला, तेवढ्यावर निभावलं. मी रडत यांचे हातपाय चोळत होते, तर हे डोळे मोठे करून मलाच सांगतात, "अवं, याच्यात करंट आहे!"

बाप्पा! जशी काही मला पहिल्यांदाच खबर लागत होती.

संध्याकाळच्या आत कूलर घराबाहेर गेला. हे एकदाच बोलले, फक्त एकदा, आणि मुलीला लगेच पटलं. यांना कुणीही विचारलं नाही, की बाबा, झोप नीट होते ना तुमची?