पशुपतिनाथाच्या वाटेवर राहिलेली टंकी

मिलमध्ये मी स्टोअरकीपर होतो. स्टोअरचा एक नियम आहे. जी वस्तू कुणी मागायला येत नाही, ती साठतच जाते. किश्शांचंही तसंच. आमच्या यात्रा बसचे किस्से मी कुणाला सांगत नाही, म्हणून ते साठलेत. आज तुम्ही मागताय तर घ्या. पण ऐकून सगळेच हसाल असं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

आमची मिल बंद पडली तेव्हा इंदुरात एकामागून एक भोंगे गप्प होत होते. मी, बॉयलरवरचे दामूअण्णा आणि मिलच्या ट्रकवरचे ड्रायव्हर भेरूलालजी असे तिघे रिकामे झालो. बॉयलर विझवायचं काम दामूअण्णांनाच करावं लागलं. मॅनेजर म्हणाले, "दामूजी, आज शाम तक हो जाएगा ना?"

अण्णा म्हणाले, "साब, बॉयलर ठंडा होने में तीन दिन लगते हैं. तो काही माणूस नाही, एका नोटिशीत थंड व्हायला!"

* * *

तिघांनी मिळून एक जुनी बस भाड्याने घेतली. मागच्या तीन रांगा काढून तिथे स्वयंपाकघर केलं. अन्नपूर्णा मंदिरासमोरून सुटायचं, पंधरा दिवसांत काशी, काठमांडू, पशुपतिनाथ करून परत यायचं. आपल्याच लोकांच्या हातचा वरण-भात परदेशात, ही आमची जाहिरात! स्वयंपाक अण्णांकडे, गाडी भेरूलालजींकडे आणि सामानाची जबाबदारी माझ्याकडे.

गाडी होती, तांदूळ होता, गॅस नव्हता. धंद्याचा सिलेंडर मिळायला परवाना हवा, तो कोण देणार? शेवटी तिघांनी आपापल्या घरची टंकी उचलून आणली. (सिलेंडरला आमच्याकडे टंकीच म्हणतात.) तसं नेणं कायद्यात बसत नव्हतं, पण पोट कायद्यात कुठे बसतं? मी रंगाने आकडे टाकले. एक नंबर अण्णांची, दोन भेरूलालजींची, तीन माझी.

माझी बायको पंधरा दिवस बहिणीकडे देवासला गेली. पण अण्णांच्या कुसुमवहिनी कुठे जाणार? त्यांना दम्याचा त्रास. डॉक्टरने बजावलं होतं की धुराजवळ जायचं नाही. गॅसचं कनेक्शन मिळवायला त्या स्वतः रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आठ वर्षं वाट पाहिली होती, कार्डसुद्धा त्यांच्याच नावावर. टंकी उचलताना मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "वहिनी, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे."

त्या कोळशाची शेगडी पुसत होत्या. म्हणाल्या, "न्या हो भावजी. पण माझी टंकी मलाच परत आणा. तिची मला सवय झालीय."

* * *

नेपाळच्या सीमेवर, सोनौलीच्या नाक्यावर, बसची झडती होणार होती. तीन टंक्या लपवणार कुठे? भेरूलालजींनी त्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, लाल चुनरी पांघरली, झेंडूचा हार घातला आणि उदबत्ती काढली. अण्णा किंचाळले, "अहो, गॅससमोर उदबत्ती?" मग ती न पेटवताच खोचली.

शिपाई पायरीवर चढला. भेरूलालजी गरजले, "साब, माताजी विराजी हैं! जूते उतार के आना!"

शिपायाने बूट काढले, हात जोडले आणि उतरून गेला.

पंचाईत पुढे झाली. प्रवाशांमधल्या एका आजींनी सगळं खरं मानलं! रोज म्हणायच्या, "आधी देवीला नैवेद्य, मग पंगत." अण्णा देवीवर भात शिजवायचे आणि तोच देवीला दाखवायचे.

* * *

आता मूळ गोष्टीकडे येतो. पोखऱ्याच्या अलीकडे, डोंगरात, खिचडी अर्धी शिजली आणि गॅस संपला. एक आणि दोन नंबर रिकाम्या. अण्णांनी विचारलं, "स्टोअर, तीन नंबर?" मला ते कायम स्टोअरच म्हणत.

मी म्हटलं, "संपली."

संपली नव्हती. अर्धी तरी होती. पण स्टोअरकीपर शेवटचा बोल्ट कधी देत नाही, राखून ठेवतो. मिलमध्ये याच सवयीबद्दल मला शाबासकी मिळायची. पुढे अजून पाच दिवस आहेत, वेळप्रसंगी काढू, असा माझा हिशोब. शिवाय टंकी माझी होती, हेही खरं. खोटं कशाला बोलू?

खाली रस्त्यावर एक दुकान होतं. दुकानदाराला सगळे साहूजी म्हणत. तिथल्या टंकीला आमचा रेग्युलेटर बसेना, म्हणून साहूजींनी आपला रेग्युलेटरही दिला. बदल्यात एक रिकामी टंकी ठेवून घेतली. परतताना उलटी अदलाबदल करायची, असं ठरलं. कुठली ठेवायची म्हणून मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझी ठेव. माझा नंबर पहिला आहे."

मग साहूजींना म्हणाले, "ये मेरी घरवाली की है. संभालना."

साहूजी हसले. "तब तो ताला लगाके रखूँगा!"

* * *

परतताना दरड कोसळली. तो रस्ता बंद. बस दुसऱ्याच नाक्याने भारतात उतरली. एक नंबरची टंकी डोंगरात राहिली आणि साहूजींची टंकी अण्णांच्या घरी आली.

ती रिकामी झाल्यावर आम्ही दोघे एजन्सीत गेलो. खिडकीवर एक मराठी क्लार्क होते. टंकी बघून म्हणाले, "काकाजी, ही आमची नाही. आमची जमा करा, भरलेली घेऊन जा."

मी अण्णांच्या कानात सांगितलं, "हरवली म्हणून लिहून द्या." अण्णांना ते पटेना. मोठ्याने म्हणाले, "हरवली नाही ना! कुठे आहे ते मला नक्की माहीत आहे."

"कुठे आहे?"

"नेपाळात."

सगळी रांग खो खो हसली. मागून कुणी ओरडलं, "भिया, पासपोर्ट बनवलाय का टंकीचा?" क्लार्कही हसले, मीही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत.

घरी जाताना माझी टंकी वहिनींना देऊन टाकावी, असं मनात आलं. मनात आलं, तेवढंच.

* * *

हिवाळाभर वहिनींची शेगडी पेटत राहिली. अण्णा ती सकाळी अंगणात पेटवून द्यायचे, धूर गेला की आत आणायचे. तरी खोकला वाढला. मी एकदा भेटायला गेलो, तर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती, तरी थट्टा सुटली नव्हती. म्हणाल्या, "भावजी, मिलची चिमणी बंद झाली म्हणून लोक रडतात. आमच्या घरी बघा, चालू आहे!"

मी चहा न घेताच उठलो. त्या चहासाठी शेगडीजवळ बसल्या असत्या.

होळीनंतर वहिनी गेल्या. चाळीतल्या बायका जमल्या. कुणीतरी अण्णांना समजावलं, "दहा दिवस घरात चूल पेटवायची नाही हो. आम्ही डबा आणू."

अण्णांनी कोपऱ्यातल्या शेगडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

* * *

दुसऱ्या वर्षी बस निघाली. अण्णा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते साहूजींची टंकी आणि रेग्युलेटर घेऊन सगळ्यांच्या आधी मंदिरासमोर हजर! निघताना नाश्त्याला पोहे-जिलबी होती; त्यांच्या ताटलीतले पोहे तसेच राहिले, जिलबी भेरूलालजींनी खाल्ली.

दुकान सापडलं. साहूजींनी आतली कोठडी उघडली. खरंच कुलूप लावलेलं होतं. एक नंबरची टंकी पाटावर उभी, तोंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं. साहूजी म्हणाले, "लीजिए, भाभीजी की अमानत. कैसी हैं वो?"

अण्णा म्हणाले, "अब खाँसी बिल्कुल नहीं है."

परतीच्या वाटेत मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघेच होतो. अण्णा भाजी निवडत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी माझ्या टंकीत गॅस होता."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे. बोट मारून बघितलं होतं मी. तीस वर्षं बॉयलरवर काढली, भरलेलं आणि रिकामं एवढंही कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"स्टोअरने नाही म्हटलं की माल नाही. मिलमध्ये कधी उलटून विचारलंय का तुला?"

शिवी दिली असती तर मला परवडलं असतं. त्यांनी एक मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली आणि मी ती निवडायला घेतली.

* * *

इंदुरात उतरल्यावर अण्णा घरी गेलेच नाहीत. टंकी हातगाडीवर घातली आणि थेट एजन्सी गाठली. मी गाडी ढकलत होतो. खिडकीवर तेच क्लार्क होते, त्यांनी अण्णांना ओळखलं.

"अरे काकाजी! आणली का नेपाळातून?"

"आणली."

क्लार्क बाहेर आले, टंकीवरचा शिक्का पाहिला, खूश झाले. "हां, ही आपलीच! चला, कार्ड द्या." मग कार्ड उलटसुलट करून म्हणाले, "कनेक्शन कुसुमबाईंच्या नावावर आहे. इतके दिवस रीफिल नाही म्हणून बंद पडलंय. चालू करायला त्यांची सही लागेल, माझ्यासमोर. काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांना घेऊन या."

मी काहीतरी बोलायला गेलो. अण्णांनी माझा हात दाबला.

"भिया," ते क्लार्कला म्हणाले, "ही आणायला मी नेपाळपर्यंत गेलो. तिला आणायला कुठवर जावं लागेल, तेवढं त्या कार्डावर लिहून द्या."