दोरा

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात शॉकचं मशीन आधी कुलपात असायचं. महागाची वस्तू जपायची, हा आपला स्वभाव. डॉक्टर येणार, मग चावी शोधायची, तोवर रोग्याचं सगळं आटोपलेलं. आता ते वॉर्डातच असतं आणि शॉक द्यायची मुभा आम्हा सिस्टर लोकांनाही आहे. छाती दाबत राहिलं तर थोडी सवड मिळते. पण थरथरत सुटलेलं हृदय ताळ्यावर येतं ते शॉकनेच, आणि तोही लगेच दिला तर.

वालूरकडचे एक लिंगायत दुकानदार छातीत दुखतंय म्हणून दाखल होते. सकाळी बायकोशी बोलता बोलता त्यांची मान कलली. नाडी लागेना. दुसरी सिस्टर छाती दाबू लागली. मी मशीन ओढलं आणि कात्रीनं सदरा उभा कापला. जिथे पॅड चिकटवायचा नेमकं तिथेच आखूड दोऱ्यात चांदीची डबी, आत इष्टलिंग. बायकोनं तिच्यावर तळहात ठेवला.

"दोरा कापू नका, सिस्टर. ते अंगावरून उतरत न्हाई."

मला ते ठाऊक होतं. परक्यानं हात लावलेला चालत नाही, हेही ठाऊक होतं. त्यातून मी बौद्ध. खिशावर आडनावाची पट्टी आहे, आणि आमच्याकडे तेवढ्यावरून लोक सात पिढ्या सांगतात.

मी बायकोचा हात उचलला, दोरा कापला, डबी तिच्याच मुठीत दिली आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून बटण दाबलं. अंग उसळलं. थोड्या वेळानं नाडी लागली.

बायको रात्रभर ती डबी त्यांच्या छातीला टेकवून बसली होती. दुसऱ्या दिवशी ते नीट बोलू लागले, तेव्हा हात आधी गळ्याशी गेला.

"दोरा कुणी कापला?"

"म्या," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

ती मला सांभाळत होती की स्वतःला, कळलं नाही. मला राग आला. जीव वाचवल्याचं सोडाच, कापल्याचंही नाव माझं नको.

"मी कापला," मी म्हणाले. "त्या नको म्हणत होत्या."

त्यांनी माझ्या खिशावरची पट्टी वाचली. सावकाश वाचली. मग बायकोनं आणवलेला नवा दोरा माझ्यापुढे धरला.

"मग गाठ बी तुमीच मारा."

मी गाठ मारली. दोरा जरा लांब सोडला, पुन्हा वेळ आली तर डबी खांद्यामागे सरकावी इतका.