यात्रेत मरणारा माणूस

आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी नाटक होतं आणि दरवर्षी त्यात मी मरतो. तलवारीने मेलोय, विषाने मेलोय, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून मेलोय. बायका डोळ्याला पदर लावतात, मागून पोरं "वन्स मोअर" ओरडतात, आणि मी सरळ उठून पुन्हा पहिल्यापासून मरतो. पारनेर तालुक्यात माझ्याइतकं सावकाश कुणी मरत नाही.

पाठ गेली ती मात्र नागापूरच्या कारखान्यात, आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. साखळी निसटली, पाइपांचा गठ्ठा कमरेवर आला. मणक्याचं ऑपरेशन झालं. ते यशस्वी झालं, असं मला सोडून सगळे म्हणाले. तेव्हापासून कमरेतून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत एक तार जाते आणि तिचं दुसरं टोक कुणीतरी विहिरीवरच्या मोटारीला जोडून ठेवलंय. मोटार कधी चालू होईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे वीज नेमकी नको तेव्हा येते, तसंच हे.

नाटकमंडळी मात्र दिलदार. तेव्हापासून ते मला खाटेवर पडून मरायच्याच भूमिका देतात.

पुष्कळ औषधं झाली. त्यात एकच गोळी लागू पडली. तिने मोटार बंद व्हायची नाही, पण दाब कमी व्हायचा. वाकून चप्पल घालता यायची. जेवायला चारचौघांत बसता यायचं. नगरचे एक म्हातारे डॉक्टर मला तपासून दर महिन्याला ती लिहून द्यायचे. मग त्यांचेच गुडघे गेले आणि ते दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो, तर दुकानदाराने हात जोडले.

"काका, ह्या गोळीचं आता लई कडक झालंय. नवीन चिठ्ठी आना, तरच देता येईल."

पट्टीत थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. म्हणून नगरमधले एक नवे डॉक्टर शोधले आणि निघालो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आम्ही दवाखान्यात नटून जातो. डॉक्टरांपुढे गबाळं जायचं म्हणजे त्यांचा अपमान. बायकोने मला दाढी करायला लावली, लग्नातला पांढरा शर्ट इस्त्री करून दिला, कपाळाला गंध लावलं. एस.टी.त बसायला त्रास होऊ नये म्हणून सकाळीच एक गोळी दिली. ती नेमकी डॉक्टरांच्या दारात पूर्ण जोमात आली. मी आत शिरलो तो एखाद्या नवरदेवाच्या मामासारखा.

"बोला काका, काय त्रास?" डॉक्टर तरुण होते, चेहऱ्याने प्रेमळ.

मी सांगितलं. तार सांगितली, मोटार सांगितली. ते हसले. मला काय, माणूस हसला की मी फुलतो.

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"बारा," मी म्हणालो.

बायकोने मला कोपर मारलं. डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून पाय उचलून पाहिला. गोळीच्या कृपेने तो बराच वर गेला. जिथे अडला तिथे मी जे ओरडलो ते शंभर टक्के खरं होतं. पण बत्तीस वर्षं रंगमंचावर ओरडलेल्या माणसाचा आवाज तो. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. आणि कंपाउंडर पडदा सारून धावत आत आला.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"सर! ह्ये आमच्या पाव्हन्यांच्या गावचे! यात्रेत मरत्यात सर! काय मरत्यात! माझी आई दोन दिवस जेवली न्हवती."

बिचाऱ्याने भक्तिभावाने कौतुक केलं. आणि मी टेबलावर आडवा, एक पाय डॉक्टरांच्या हातात, तरी छातीवर हात ठेवून त्याला मान लववली. अंगातच आहे ते.

डॉक्टरांनी पाय हळूच खाली ठेवला. खुर्चीत जाऊन बसले. मलम लिहिलं, कमरेचा पट्टा लिहिला, साधी तापावरची गोळी लिहिली.

"डॉक्टरसाहेब, ती गोळी?"

"काका, त्या गोळीची सवय लागते. मागे एकाला लिहून दिली, तो ती पोरांना विकत होता. पोलीस इथपर्यंत आले होते. तुम्ही पुण्याला दुखण्याच्या तज्ज्ञांना दाखवा. त्यांनी लिहिलं तर मी पुढे चालू ठेवीन."

"पुण्याला जायला आधी ती गोळी लागेल," मी म्हणालो. हे वाक्य मी अजिबात रंगवलं नव्हतं. पण कंपाउंडर हसला.

तेव्हा दवाखान्यात कधीच न बोलणारी माझी बायको बोलली. "सायेब, ह्यांच्या बोलन्यावर जाऊ नगा. ह्ये असंच बोलत्यात. पर पहाटं संडासला जाताना भिताडाला धरून उभं ऱ्हात्यात, अन् मी जागी हाय कळू नये म्हून तोंडात टावेल धरत्यात. ते नाटक असतं तर मला दिसंल असं केलं असतं ना?"

मला हे ठाऊक नव्हतं, की तिला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी खाली पाहिलं. पेन उचललं. आता लिहितात असं वाटलं. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला, आणि अक्षर मोठं, सुवाच्य काढलं.

"ताई, मला समजतंय," ते म्हणाले. "खरंच समजतंय. पण मी आज पहिल्यांदाच बघतोय यांना."

त्यांच्यावर रागवावं असं काही नव्हतं त्यांच्यात. तेच जास्त जड गेलं. कंपाउंडर दारापर्यंत सोडायला आला. "काका, औंदा यात्रेत कुटली भूमिका?"

पुण्याला फोन लावला. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली.

माळीवाड्याच्या स्टँडवर येईपर्यंत सकाळची गोळी उतरली होती. पारनेरची गाडी लागली. पायरी उंच, माझा पाय उचलेना. मागून गर्दीतल्या कुणीतरी आवाज दिला, "चला की पाव्हनं, का पालखी मागवू?" एरवी मी त्याला असं उत्तर दिलं असतं की अख्खी गाडी हसली असती. आता दोन्ही हातांनी दारातला दांडा धरून उभा होतो. त्याच माणसाने मग काखेत हात घालून मला वर ओढलं.

सीटवर बसलो आणि बायकोपुढे हात पसरला. पट्टी तिच्या पिशवीत होती.

"आता न्हाई," ती म्हणाली. "उद्याला काय? परवाला? पुन्याला जायच्या दिवशी काय देऊ?"

मी हात तसाच ठेवला. गाडी खड्ड्यातून गेली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखा. कुणी वळूनही पाहिलं नाही.

तिने एक गोळी काढली, दाताने मधोमध तोडली. अर्धी माझ्या तळव्यावर ठेवली. उरलेली अर्धी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि ती गाठ मुठीत धरून खिडकीबाहेर पाहत बसली.