बाईंची गाबोळी

माझ्या चष्म्याचा नंबर घालवायचा, ही गोष्ट आमच्या घरात एखाद्या लग्नकार्यासारखी ठरली होती. चष्मा मला पाचवीपासून. कॉलेजात आल्यावर लेन्स घेतल्या, पण कोळीवाड्यातल्या खाऱ्या वाऱ्यात डोळे लाल व्हायचे. मग मी लेझरबद्दल वाचायला लागले. बुबुळावरचा पापुद्रा उचलून करायची पद्धत, न उचलता करायची पद्धत, आधी लेन्स घालणं कधी थांबवायचं, सगळं मला पाठ झालं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मी मोबाइलवर काही वाचत असले की तो अभ्यासच, असं आय समजायची. मीही तसं समजू दिलं.

आय अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. रविवारी मी तिच्या शेजारी बसून कोलंबी सोलते. आमच्याकडे कायमच्या गिऱ्हाइकांना काही मागावं लागत नाही. त्यांचं त्यांचं आधीच काढून बर्फाखाली ठेवलेलं असतं. ते समोर दिसले की आय लांबूनच हाक मारते आणि ठेवलेलं हातात देते, भावाचं बोलणं नंतर. ती हाक गेली नाही, तर गिऱ्हाईक थांबत नाही. आपण होऊन थांबणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

त्यातल्या एक बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, फार आवडते. माझ्या बारावीत त्यांनी मला घरी बोलावून इंग्रजी शिकवलं, काही न घेता. तेव्हापासून चांगली गाबोळी निघाली की आय ती दुसऱ्या कुणाला दाखवतही नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी आयने बाईंसाठी ठेवलेली गाबोळीची पुडी भलत्याच बाईंना दिली. त्याही पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. “या बाई, तुमचीच वाट बगत होती,” असं म्हणून तिने पुडी पुढे केली. त्या बाई खूश होऊन घेऊन गेल्या. आमच्या बाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि पलीकडच्या कोळणीकडे गेल्या.

थोड्या वेळाने आय म्हणाली, “बाईंनी आज काय बोलणं नाय केलं गो.”

“त्या आपल्या बाई नव्हत्याच! बाई मागे होत्या. तुझ्या नाकासमोरून गेल्या, आय. तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?”

आय बर्फ सारखा करत राहिली. आणि मी, माझे हात कोलंबीने भरले होते तरी, करंगळीने मोबाइलची स्क्रीन सरकवत बुबुळाच्या जाडीबद्दल वाचत राहिले.

त्यानंतर बाई आमच्याकडे आल्या नाहीत. आय मात्र दर रविवारी पुडी ठेवायची आणि बाजार उठला की घरी आणायची. ती गाबोळी मीच खाल्ली. तेव्हा घशात अडकली नाही, हे आता आठवतं.

शेवटी लेझरचं विचारायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा आय माझ्यासोबत आली. तपासणीसाठी माझ्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि जवळचं सगळं पुसट झालं. आय म्हणाली, “माजा हात धर.” धरला. तिने मला नेलं ते थेट सामान ठेवायच्या खोलीत.

मागून आलेल्या तपासणीवाल्या ताई हसल्या. “दोघी एकमेकींना घेऊन कुठे निघालात? मावशी, चला, तुम्ही पण बसा बरं तपासायच्या खुर्चीवर.”

“मी कशाला? मना वाचता येत नाय,” आय म्हणाली.

मी चमकले. आय चौथी शिकलेली आहे. लग्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय ती कपाटात ठेवत नाही.

“काही हरकत नाही,” ताई म्हणाल्या. “न वाचणाऱ्यांचा पण तक्ता आहे. ह्या चिन्हाचे दात कुठल्या बाजूला आहेत, तेवढं हाताने दाखवा.”

आयने हात वर केला, मग खाली केला, मग मांडीवर ठेवला. सर्वांत वरचं, सर्वांत मोठं चिन्ह होतं ते. माझ्या पुसट डोळ्यांनाही दिसत होतं.

डॉक्टरांनी आधी माझं सांगितलं. बुबुळ पातळ आहे, लेझर करू नये. चष्मा आहे, लेन्स आहेत, पुढे कधी डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा विचार करता येईल. घाई काहीच नाही. मग म्हणाल्या, “आईचं मात्र लवकर करायला हवं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ह्याला चष्म्याचा उपयोग नाही. धूसर झालेलं भिंग काढून नवं बसवायचं.”

“पिकल्यावर करू ना,” आय म्हणाली. “माज्या सासूने पिकवून केलेला.”

“आता पिकायची वाट बघत नाहीत, मावशी. उलट जास्त पिकला की ऑपरेशन अवघड होतं. कधीपासून दिसत नाही?”

आय माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोरीची बारावी होती तवापासनं.”

रिक्षात मी रडले. आयला वाटलं, लेझर होणार नाही म्हणून. “चष्म्यात पण चांगली दिसतेस गो,” ती म्हणाली. खरं कारण मी सांगितलं नाही. धीर झाला नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, पाणी उडू द्यायचं नाही, धूर नको, वेळेवर थेंब. म्हणजे आयचा बाजार बंद. तिच्या जागेवर मी बसले. बाई समोरून जायच्या. मी आयला म्हटलं, “मी सांगते त्यांना, तुला दिसत नव्हतं म्हणून.”

“खबरदार!” आय ताडकन म्हणाली. “कोळणीला दिसत नाय म्हटल्यावर तिची मासळी कोण घेईल? ताजी म्हणून काय पण देईल, असं बोलतील. बाई तुटल्या तर तुटल्या.”

म्हणून मी बाई दिसल्या की मान खाली घालून मांदेली साफ करायचे. त्यांनी शिकवलेलं इंग्रजी घेऊन मी कॉलेजात बसते, आणि त्यांना एक हाक मारू शकत नाही.

ऑपरेशननंतर आय बाजारात पहिल्यांदा आली ती काळा चष्मा लावून. शेजारच्या कोळणी सुरू झाल्या, “काय गो हिरोईन, शूटिंग हाय का?” आयचं तिकडे लक्षच नव्हतं. ती समोरच्या गर्दीत बघत होती. आणि एकदम, पार भाजीवाल्यांच्या पलीकडून येणाऱ्या बाईंना तिने हाक मारली. “ओ बाई! इकडं या!”

बाई थांबल्या. जवळ येऊन म्हणाल्या, “आज बरी आठवण झाली माझी?”

मला वाटलं, आय काहीतरी थाप मारेल. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “मोतीबिंदू होता, बाई. तोंडं दिसत नव्हती. तुमची पुडी दुसरीला दिली मी.”

“अगं, मग सांगायचं नाहीस का?”

“माज्या पोरीला पण नाय सांगितलं. तिचा अभ्यास असतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला राग चालला असता.

आयने बर्फाखालून काढून दिलेली पुडी घेऊन बाई गेल्या. शेजारची एक कोळीण हळूच म्हणाली, “सगळ्यांसमोर कशाला बोललीस?” आय म्हणाली, “आता दिसतं ना मना. आता बोलायला काय?”

पण अजून एकच डोळा झाला आहे. दुसऱ्याचं विचारायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने तारीख सांगितली, ती नेमकी माझ्या अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात. आय लगेच म्हणाली, “पुढची द्या. पोरीची परीक्षा हाय.”

“हीच लिहा,” मी म्हटलं.

आय माझ्याकडे बघत राहिली. तिचा एक डोळा अजून धूसर आहे, तरी माझी नजर आधी खाली गेली.