बाबांच्या हातच्या वेण्या

भावाचा फोन आला तेव्हा मी वणीला, शाळेत पेपर तपासत होते. "ताई, बाबा गेले... जेवून हात धुवायले उठले, अन् खाली बसले ते बसलेच." दारव्ह्याला घरी जाताना वाटेत त्यांचा चेहरा काही केल्या आठवेना. डोळ्यांसमोर येत होता तो त्यांचा उजवा हात. तीन बोटांचा.

दोन बोटं एकाहत्तरच्या लढाईत गेली. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "माह्या बाजूचा गडी तं अख्खाच तिकडं राह्यला. मी दोन बोटांवर सुटलो."

मी सातवीत असताना आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळजवळ थांबलं. आत्या म्हणाली, "पोरीचे केस कापून टाक, दादा. कोन घालन रोज वेण्या?" आईनं हौसेनं कमरेपर्यंत वाढवलेले केस ते... मी जेवलेच नाही. बाबा उठले, शेजारच्या शबानाखालांच्या ओसरीवर गेले. "भाभी, मले वेणी शिकवा." मग आठवडाभर हा फौजी माणूस खाटेच्या पायाला सुतळी बांधून पेड घालत बसायचा.

पहिल्या दिवशी एक वेणी कानाशी, दुसरी मानेवर. वर्गातल्या मुली हसल्या. घरी येऊन मी दप्तर फेकलं, "मी उद्यापासून शाळेत जात नाही!" बाबा रागावले नाहीत. मला पुढ्यात बसवून वेण्या सोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा सोडल्या. "आज हुकली, उद्या जमंन, बाई. आपून काय पळून चाललो का?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "डावी... खाली घे."

कित्येक आठवड्यांनी आई बोलली होती. बाबांचा हात थांबला. डोळे पुसून ते कडक आवाजात म्हणाले, "जी साहेब!" आणि आई अर्ध्या तोंडानं हसली. तेव्हापासून मी कॉलेजला जाईपर्यंत रोज सकाळी ती हुकूम सोडायची, ते पाळायचे.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुपारी आईला खुर्चीवर बसवून अंगणातल्या कडुलिंबाखाली ठेवलं आणि मी भांड्यांना लागले. बाहेर आले तर सावली केव्हाच सरकली होती. ऊन आईच्या गुडघ्यांपर्यंत चढलं होतं.

"आई, हाक काहून नाही मारली?"

ती सावकाश म्हणाली, "हाक... तुह्या बाबाले कधी मारावीच नाही लागली."